शेजाऱ्याच्या मनोऱ्यावर बिऱ्हाड

बायकोचं रेडिओवरचं पहिलंवहिलं भाषण, आणि तेही माझ्याच केंद्रावरून! मी तिथला प्रक्षेपण अभियंता. तिचे बाबा नुकतेच आजारातून उठलेले, त्यामुळे ते घरीच ऐकणार होते.

"अहो, बाबांना नीट ऐकू येईल ना?" तिनं दहादा विचारलं.

"ऐकू येईल? अगं, अख्खी गल्ली कानात बोटं घालेल!" मी छाती फुगवून म्हणालो आणि स्वतः सासऱ्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

फुशारकीला कारण होतं. आमच्या मनोऱ्याचं रंगकाम निघालं होतं, म्हणून आम्ही तात्पुरतं शेजारच्या केंद्राच्या मनोऱ्यावर प्रक्षेपणाचं बिऱ्हाड हलवलं होतं. तो आमच्यापेक्षा चांगला उंच!

सासरे जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. समोर दिसेल ते उघडून पाहायची सवय.

"जावईबापू, दोन केंद्रं एकाच मनोऱ्यावर चढतात, मग उतरताना चुकामूक नाही होत?"

"मध्ये गाळणी असते, बाबा."

"चहाची असते तशी? मग चोथा कुठे जातो?"

मी घाईघाईनं रेडिओ लावला. शेजाऱ्यांचं केंद्र खणखणीत! आमच्या जागी मात्र नुसती खरखर, आणि तिच्या तळाशी एखाद्या डासाएवढी माझी बायको!

सासऱ्यांचा चेहरा पडला. "लेक बोलतेय, आणि मला शब्द कळत नाही," ते हळूच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी केंद्रावरच्या सहकाऱ्याला फोन लावला.

"अरे, पॉवर वाढव!"

"साहेब, अर्धीच ठेवा असं तुम्हीच बजावलंत ना! वाढवली की आपण शेजाऱ्यांच्या बातम्यांत घुसतो. दुसऱ्याच्या घरात राहून आरडाओरडा कसा करायचा?"

बोलणं खरं होतं. मी निमूटपणे रेडिओ उचलून खिडकीकडे नेला. आवाज थोडा वाढला! सासऱ्यांचे डोळे चमकले.

"थांबा! आता गज धरा."

मी गज धरला. आवाज आणखी वाढला.

"का वाढला हो?"

"माझं शरीर आणि गज मिळून एरियल..."

"मग डावा हात वर करून बघा. अजून वर! आता जरा वाका. पाय उचला!"

पायाचा विज्ञानाशी काही संबंध नव्हता, पण सांगणार कोण? मी एका पायावर, एक हात गजावर, दुसऱ्या उंच केलेल्या हातात रेडिओ धरून उभा राहिलो आणि बायकोचा आवाज स्वच्छ, स्पष्ट घरभर घुमला! सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते पोटरीत गोळा आल्यामुळे. समोरच्या गच्चीवर बायका कपडे वाळत घालायचं थांबवून माझ्याकडे बघत होत्या. भाषण संपेपर्यंत सासऱ्यांनी मला हलू दिलं नाही.

स्टुडिओतून बाहेर पडताच बायकोचा फोन आला. "बाबा, ऐकलंत? कसं झालं?"

"शब्दन् शब्द ऐकला, बाळ!" सासरे म्हणाले. "आणि अडगळीतल्या वस्तू कशा उपयोगात आणाव्यात, हे तू सांगितलंस ना, ते ऐकता ऐकताच करूनही पाहिलं!"