कुशाबाईचं रान खोलात

राहू गावच्या पाणीवाटप संस्थेच्या सभेला निघताना रश्मीनं आईला ठणकावून सांगितलं, "दहा मिनिटांत सगळ्यांना पटतंय बघ." दौंडला जाऊन ती 'जावा' ही कॉम्प्युटरची भाषा शिकून आली होती. तिचा पाणीपाळीचा प्रोग्रॅम सभासदांना पसंत पडला, तर संस्थेच्या नव्या कॉम्प्युटरचं काम तिलाच, असा शब्द चेअरमन हौसरावांनी दिला होता.

पडद्यावर प्रत्येकाच्या रानाची एक चौकट. आत नाव आणि पाण्याची वेळ. पण चौकटीला कडा किती तऱ्हांच्या देता येतात, याचं रश्मीला भारी कुतूहल. म्हणून तिनं ज्ञानूआप्पांची चौकट उठावाची, वर आल्यासारखी केली आणि त्यांच्या बांधाशेजारच्या कुशाबाईची आत दबलेली.

सभेत पडदा उजळला. कुशाबाईनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"पोरी, माझं रान खड्ड्यात का गेलंय?"

"मावशी, ती नुसती कड हाय. सावली तशी दिली की..."

"नुसती कशी? ह्या आप्पाचं पाणी माझ्या रानात उतरतंय, ऊस पिवळा पडलाय, हे मी दोन वर्सं सांगतीया. मशीनला दिसलं, तुमाला दिसंना."

ज्ञानूआप्पा मिशीतल्या मिशीत हसले. "बराबर हाय. माझं रान उंचावर. तितं पाणी चढायला येळ लागतो. पाळी दोन तास वाढवा."

रश्मीनं घाईघाईनं सगळ्याच चौकटी उठावाच्या केल्या. तर अख्ख्या गावाची रानं उंचावर गेली आणि जो तो दोन तास मागू लागला. सगळ्या दाबल्या, तर चर खणून द्या म्हणून गलका झाला. शेवटी घाम पुसत तिनं कडा काढूनच टाकल्या.

सभा उठून उभी राहिली. "बांध कुठं गेलं?"

हौसरावांनी टेबलावर हात आपटला. "पोरी, साधी एक रेघ मार आन् सोड."

तिनं मारली. सगळे खाली बसले. जरा वेळानं कुशाबाईनं विचारलं, "ही रेघ केवढी?"

"एक पिक्सेल."

"म्हंजी किती फूट?"

सगळ्या माना रश्मीकडं वळल्या. तिला एवढंच सुचलं, "दीड धरा."

तसा ठराव झाला, सह्या-अंगठे झाले आणि काम रश्मीला मिळालं.

दुसऱ्या दिवशी ती कॉम्प्युटरवरचं कापड काढतेय, तोच दारात ज्ञानूआप्पा, हातात मोजायची टेप.

"पोरी, चल बांधावर. कुशाबाईनं माझा अर्धा पिक्सेल कोरलाय."