सात घड्यांच्या शकुंतलाबाई

दहा साड्या गिऱ्हाइकापुढं उलगडल्या, की आमच्या शकुंतलाबाई त्यांतल्या सातच घडी करून ठेवायच्या. उरलेल्या तीन माझ्याकडं सरकवायच्या अन् म्हणायच्या, "ह्या तुमच्या पगारातल्या, भाऊ."

गुलमंडीतल्या या दुकानात आम्ही दोघं एकाच महिन्यात लागलो. काम तेच, गादी तीच, गिऱ्हाइकांची किरकिरही तीच. पण मला जिथं दहा रुपये मिळायचे, तिथं बाईंना सात. का, तर शेठ म्हणायचे, बाईमाणसाला कुठं घर चालवायचं असतं? बाईंचा नवरा लग्नानंतर चारच वर्षांत वारला. मग त्यांचं घर कोण चालवत होतं, ते शेठनाच ठाऊक.

बरं, बाई भांडायच्या नाहीत. दिवाळीच्या गर्दीत माझ्यापुढं साड्यांचा ढीग पडायचा, अन् या निवांत पाण्याचे घोट घेत बसायच्या. एकदा वैतागून म्हणालो, बाई, माझा काय गुन्हा?

"गुन्हा नाय. पण शेठपुढं तुमी कधी तोंड उघडलं का?"

बायको, दोन पोरं, घरभाडं. माणूस भित्रा होतो. अन् खोटं कशाला बोलू, जास्तीचे तीन गोडही लागायचे.

यंदा पाडव्याला प्रज्ञा आणि तुषार अशी दोघं नवी लागली. बाईंनी पहिल्याच दिवशी प्रज्ञाला बजावलं, की पगार झाला की त्याचं पाकीट अन् तुझं पाकीट शेजारी धरून बघ. पोरगी हसली. म्हणाली, मावशी, आता तसं नसतं.

पगाराच्या दिवशी तिनं खरंच दोन्ही पाकिटं बघितली. सारखी निघाली.

"बघा मावशी, तुमचा जमाना गेला."

"व्हय गं," बाई म्हणाल्या. "गेला."

मला नवल वाटलं. शेठ सुधारले की काय? संध्याकाळी त्यांनीच हसत हसत सांगितलं. आदल्या आठवड्यात बाई त्यांच्याकडं गेल्या होत्या. पोरीला त्या पोरापेक्षा जेवढं कमी देणार, तेवढं माझ्या पगारातून काढा म्हणाल्या, पण तिला कळू द्यायचं नाय. "येडी बाई," शेठ म्हणाले. "ना नात्याची, ना गोत्याची."

मी घाईनं बाहेर आलो. बाई चपला घालत होत्या. विचारलं, असं कशापायी केलं?

"एकदा डोळ्यानं बघायचं होतं, भाऊ. सारखं झालेलं."

रोज घरी जाताना आम्ही छावणीपर्यंत एकाच रिक्षानं जायचो. त्या दिवशी बाई पायीच निघाल्या. मला माझीच लाज वाटली. तरी मी रिक्षात बसलो.