सायलेन्सरवरची बत्तीशी

"उष्णता कुठून येते आणि कुठे जाते, हे मला शिकवू नकोस," असं कवळीवाला बायकोला म्हणाला, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

कवळीवाला म्हणजे कवळ्या बनवणारा. दातांचे डॉक्टर मापं घेऊन मोकळे होतात. गुलाबी मेणाच्या हिरड्यांत एकेक दात रोवून कवळी उभी करायची ती यानं. माणूस ती मेणावरची कवळी तोंडात घालून बघणार, पसंत पडली तरच ती पक्की होणार. दिवसभर मेण वितळवून त्याच्या अंगाला असा वास भिनला होता की संध्याकाळी किडे दिवा सोडून त्याच्याभोवती फिरत.

अख्ख्या पेठेला यानं दात बसवले, पण घरात सासूबाईंचं बोळकं ते बोळकंच. पहिली कवळी घालून त्या म्हणाल्या, "ही तर कवायतीला उभी केलेली पोरं दिसतायत." दुसरी घालून आरशाकडे बघितलं आणि आरशालाच विचारलं, "आपण कोण?"

आता तिसरी. हीही नापसंत पडली तर बाजारातल्या दुसऱ्या कारागिराकडे जायचं, असं त्यांनी भाजीवालीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणजे बघा, जावई कवळीवाला आणि सासूच्या तोंडात परक्याचे दात! दुकानाला कुलूपच लावायचं मग.

त्यात त्यानं मोटरसायकलला नवं कॅरियर बसवलं आणि दोन्ही बाजूंना रेक्झिनच्या बॅगा लटकवल्या. उजवी बॅग नेमकी सायलेन्सरच्या डोक्यावर.

बायकोनं हात लावून झटकन मागे घेतला. "अहो, यावर इस्त्री होईल. आईची कवळी यात नका नेऊ."

तेव्हाचं ते त्याचं वाक्य.

पण बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच राहवेना. नक्की जाते तरी कुठे ही उष्णता? त्यानं स्वयंपाकघरातला स्टीलचा ट्रे उचलला, सायलेन्सर आणि बॅग यांच्यामध्ये आडवा घातला आणि कॅरियरला बोल्टनं आवळला. मग मेणाचे वाटाण्याएवढे गोळे केले. एक सायलेन्सरला, एक ट्रेच्या खाली, एक ट्रेच्या वर, एक बॅगेच्या तळाला, असे चिकटवत गेला आणि बाजाराला मोठी चक्कर मारून आला. आल्यावर गाडीशेजारी चक्क पोटावर आडवा पडून बघू लागला.

"काय हरवलं हो?" शेजारीणबाईंनी विचारलं.

"उष्णता शोधतोय."

"सापडली की आम्हालाही द्या थोडी. पाणी तापवायचंय."

सायलेन्सरवरचा गोळा गायब होता. ट्रेच्या खालचा ओघळला होता. बॅगेच्या तळाचा मात्र जसाच्या तसा! कवळीवाला उठला तो शर्टाची माती न झटकताच नाचला.

"माझा ट्रे कुठे गेला?" आतून बायको विचारत होती.

दुसऱ्या दिवशी उजव्या बॅगेत डबीत घातलेली सासूबाईंची कवळी, तिच्याखाली प्लास्टरचा साचा, आणि जातोच आहोत तर म्हणून इतर गिऱ्हाइकांचेही प्लास्टरचे साचे. मागच्या सीटवर सासूबाई. गाडी निघाली दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे.

"जावईबापू, मेणाचा वास येतोय."

"आई, तो माझाच."

"आज जरा जास्तच येताय तुम्ही."

"उकडतंय ना."

एक गतिरोधक गेला, दुसरा गेला. "आता रेक्झिनचाही येतोय. रेक्झिनचं काम कधीपासून घेतलंत?"

कवळीवाल्यानं गाडी पळवली. दवाखान्याशी उतरून बॅग उचलली, तर बॅग हातात आली आणि तिचा तळ ट्रेवरच राहिला, तव्याला चिकटलेल्या धिरड्यासारखा. धडाधड साचे रस्त्यावर.

आत्ता त्याच्या डोक्यात उजेड पडला. काल बॅग रिकामी होती, ट्रेपासून चांगली वर तरंगत होती. आज प्लास्टरच्या वजनानं तिचं पोट सुटलं आणि ती ट्रेवर मांडी घालून बसली. परीक्षा घेतली रिकाम्या बॅगेची, पेपर आला भरल्या बॅगेला.

साच्यांतून डबी उचलून उघडली. हिरडीवर टेकणारी बैठक शाबूत, पण पुढचं मेण ढिलं पडलेलं. मधले दोन दात एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून बसले होते आणि शेजारचा सुळा त्यांच्याकडे वाकून काय चाललंय ते बघत होता. त्यानं नळाखाली धरून दात सरळ करायचा प्रयत्न केला, तर पाण्यानं मेण जागच्या जागी घट्ट झालं.

"आणा लवकर," डॉक्टरीणबाईंची हाक आली. सासूबाई आधीच खुर्चीत 'आ' वासून.

कवळीवाल्यानं डोळे मिटून डबी पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी कवळी तोंडात बसवली. त्यानं एक डोळा उघडला. सासूबाई आरशात बघत होत्या. हसल्या, तोंड मिटलं, परत हसल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "ही तर मीच. लग्नाच्या फोटोत अस्सेच होते माझे. तुम्हाला कसं कळलं हो?"

"कारागिरी म्हणतात याला," म्हणताना कवळीवाल्याची छाती शर्टाच्या बाहेर आली.

घरी येऊन त्यानं नवी बॅग लावली आणि तिच्याखाली लोखंडी पट्टी ठोकली. आता कितीही वजन भरा, बॅग ट्रेला टेकणार नाही.

आठवड्याभरात सासूबाईंची बहीण दारात हजर. "ताईसारखेच हवेत हं. जरासुद्धा फरक नको."

कवळीवाला बसला. पण आयुष्यभर दात सरळ लावलेला हात तो, वाकडा दात लावायला गेला की आपोआप सरळच लागे. शेवटी त्यानं गुपचूप ती लोखंडी पट्टी काढली, नव्या बॅगेत साचे भरले, वर मावशींची कवळी ठेवली, आणि चहा घेऊन निघाला. तोच रस्ता, तेच गतिरोधक. दवाखान्याशी उतरून मोठ्या आशेनं डबी उघडली.

सगळे दात कवायतीला उभे!

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, बॅगेखालची पट्टी निघून पडली होती. तुम्ही चहा पीत होतात तेवढ्यात मी घट्ट बसवून दिली. कवळीला काही झालं नाही ना?"

"नाही गं," कवळीवाला रडवेल्या आवाजात म्हणाला. "काही म्हणजे काहीच झालं नाही."