लासुर्ण्याच्या उपाशी गाडीचं प्रकरण

"लिहून घे, गेणू," खुर्चीत मागे रेलून गुप्तहेर ऋषिराज म्हणाले. "बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांना मिळून एकच तल्लख मेंदू लाभला आहे, आणि तो भिगवण चौकात, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसतो. त्याची नुसती नजर पडली तरी गुन्हेगाराला दरदरून घाम फुटतो. तो झोपेतसुद्धा तपास करतो. हे सगळं नव्या पाटीवर घालायचं."

"पाटी केवढी हाय, दाजी?"

"कार्यालयीन वेळेत 'सर' म्हणायचं."

"पाटी केवढी हाय, सर?"

पाटी वहीच्या पुठ्ठ्याएवढी होती. गेणूने निमूटपणे त्यावर नाव आणि फोन नंबर तेवढा घातला. गेणू हा ऋषिराजांचा सहायक आणि मेहुणा. मेहुणाच असल्यामुळे नोकरी सोडून जायची त्याला सोय नव्हती. दाजींना झोपलेलं त्याने पुष्कळदा पाहिलं होतं. झोपेतला तपास मात्र त्याच्या नजरेला कधी पडला नव्हता. कचेरीच्या भिंतीवर त्यांच्या सर्वांत गाजलेल्या तपासाचं, म्हणजे पिंपळीच्या हरवलेल्या म्हशीचं, कात्रण लावलेलं होतं. म्हैस सापडली होती हे खरं. ती संध्याकाळी आपली आपण घरी आली होती, एवढं कात्रणात छापायचं राहून गेलं होतं.

जिन्यात पावलं वाजली. वर येणारी निम्मी माणसं चष्म्याचा नंबर काढायला आलेली असत, म्हणून गेणूने सवयीने "खालचं दुकान, मावशी," म्हटलं.

"मला चांगलं दिसतंय," बाई म्हणाल्या. "मला गुप्तहेर पायजे."

ऋषिराज इतके दचकले की खुर्ची आपली आपण सरळ झाली.

बाईंनी पिशवीतली डाळिंबं टेबलावर ठेवली आणि बसल्या. ऋषिराजांनी डोळे बारीक केले. "तुम्ही लासुर्ण्याहून आलात. बरोबर?"

"व्हय की! कसं वळखलंत?"

गेणूला कसं ते माहीत होतं. पिशवीवर 'लासुर्णे' असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

बाईंचं नाव द्वारकाबाई. मालक हिंदुराव, लासुर्ण्याचे ऊसवाले बागायतदार. घरातली जुनी जीप दिवाळीत विकली, आणि तेव्हापासून पुढची गाडी कुठली यावरून घरात रोजची खणाखणी चालली होती.

"मालकांनी हितंच बारामतीत एक गाडी पसंत केलीया," द्वारकाबाई म्हणाल्या. "गाडी कसली, डोंगर हाय त्यो! चाक माझ्या कमरंला लागतं. चढायला मला दुकानातल्या पोरानं स्टूल आणून दिलं. छप्पर उघडतं, शिटं गार हुत्यात, आन कमरंएवढ्या पाण्यातनं चालती म्हनं. लासुर्ण्यात कमरंएवढं पाणी आलं, तर आमी गाडी कशाला घिऊ, नाव न्हाय का घेनार?"

"आणि तुमची पसंती?"

द्वारकाबाईंचा आवाज जरा खाली आला. "माझ्या भावाची, रावजीची, विजेवरची गाडी हाय. बारकीच हाय, पन गुणाची. ह्या आठवड्यापुरती त्यानं आमच्याकडं ठिवलीया, बघा म्हनला चालवून. गिअर न्हाय, क्लच न्हाय. आमच्या पोरानं, रणजितनं, मला खळ्यात शिकवली. साहेब, मी चालवली वो ती! पार वालचंदनगरला जाऊन आले. लगीन हून आल्यापासनं जिकडं जायचं तिकडं मला कुनीतरी सोडायचं. पणदऱ्याला माझी बहीण हाय, फुलाबाई. गुडघ्यानं पार जाग्यावर बसलीया. तिच्याकडं जायचं तर आदी मालकांची सवड, मग पोराची सवड. दोघांची सवड हुईस्तवर तिचं डोळं वाटंकडं लागल्यालं. आता म्हनलं, वाटलं की निघायचं."

गेणूला स्वतःची बहीण आठवली. ती ऋषिराजांच्याच घरी दिली होती, त्यामुळे तिला भेटायला सवड काढावी लागत नसे.

"मग अडचण कसली?"

"गाडी रातच्याला जेवत न्हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "सांजच्याला वायर लावायची. आमची जेवणं हुईस्तवर ती बी दोन घास खाती, मग जी थांबती ती थांबतीच. सकाळी बघावं तर वायर जागच्या जागी, बटण चालू, हिरवा दिवा बी लागल्याला, आन पोट मातूर हाय तेवढंच! कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. गाडी ठणठणीत हाय म्हनला. मालक म्हनत्यात, असली आजारी गाडी दारात नको. आज सांजच्याला जाऊन त्यो डोंगर ठरवून येनार. साहेब, कुनीतरी मुद्दाम करतंय वो हे."

ऋषिराज उठून खिडकीपाशी गेले आणि चौकाकडे पाठ करून उभे राहिले. "दोन घास खाल्ले आणि थांबली. गेणू, याला आपल्या शास्त्रात काय म्हणतात?"

"काय म्हनत्यात, सर?"

"विषप्रयोग!"

*

गुप्ततेसाठी ते एसटीने गेले. ऋषिराजांना सायकलखेरीज कुठलंच वाहन चालवता येत नव्हतं, हे कारण त्यांनी सांगितलं नाही. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी रांगत होती, तेवढ्या वेळात त्यांनी शेजारच्या प्रवाशाला कुठली गाडी घ्यावी याचा सविस्तर सल्ला दिला.

हिंदुरावांच्या अंगणात ती छोटी पांढरी गाडी गोठ्याला लागून उभी होती. तिची वायर भिंतीवरच्या लोखंडी पेटीत गेली होती. घरातल्या वायरी पातळ, म्हणून रणजितने ती गोठ्याकडच्या जाड वायरीवर जोडली होती. ऋषिराजांनी भिंग काढलं आणि जमिनीवर वाकले.

"ठसे! तीन बोटांचा इसम. घाईत होता."

"कोंबडी हाय ती," गेणू म्हणाला.

"कोंबडी आहे असं त्याने भासवलंय."

तेवढ्यात खुद्द हिंदुराव बाहेर आले. दणकट माणूस, मिशा टोकदार, अंगात खिशाची बंडी. बायकोने गुप्तहेर आणला म्हणून ते रागावले नाहीत, उलट त्यांना गंमत वाटली. "या, या साहेब! आदी जेवा, मग काय धरायचं ते धरा. पन सांजच्याला मला बारामतीला जायचंय, त्याच्या आत उरका."

जेवायला बाजरीची भाकरी, भरलं वांगं आणि शेंगदाण्याची चटणी होती. ऋषिराज एवढे जेवले की तपासाचा वेग मंदावला. तरीही त्यांनी हुकूम सोडला, "गाडीला वायर लावा. घटना जशी घडते तशीच घडली पाहिजे. आणि सगळ्या संशयितांना अंगणात बसवा!"

रणजितने वायर लावली. हिरवा दिवा लागला. संशयित जमले. हिंदुरावांचे मित्र राजवर्धन आले, त्यांचा रस्त्यावर पेट्रोल पंप होता. शेजारच्या शकुबाई आल्या, त्यांची पिठाची गिरणी होती. हिंदुराव बाजेवर बसले. द्वारकाबाई दारातच उभ्या राहिल्या. संध्याकाळी डोंगर ठरणार होता, त्यांचं बसण्यात लक्ष नव्हतं.

"इथल्या एकाचे हात," ऋषिराजांनी सुरुवात केली, "या पापाने बरबटलेले आहेत. राजवर्धन! तुमच्या हातांना डिझेलचा वास येतो!"

"माझा पंप हाय."

"कबुली! गेणू, लिही. विजेची गाडी आली तर डिझेल कोण घेणार? म्हणून तुम्ही रोज चहाच्या निमित्ताने येता आणि गाडीच्या पोटात काहीतरी मिसळता."

"विजेत काय मिसळनार, कपाळ?" राजवर्धन म्हणाले. "आन पंपावर मी सवताच विजेच्या गाड्यांचं चार्जिंग बसवतोय की पुढल्या महिन्यात."

ऋषिराज गर्रकन वळले. "म्हणजेच तुम्ही निर्दोष आहात, हे मी सिद्ध केलं! शकुबाई, तुमची गिरणी कशावर चालते?"

"लाइटीवर."

"आणि लाइट कुठून येते? या गाडीच्या पोटातून! रात्री तुम्ही चोरून वायर टाकता, आणि गाडीने खाल्लेली वीज उलटी ओढून घेता. गावाने आजवर गाडीचं रक्त घालून दळलेल्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या आहेत!"

गेणूला नुकत्याच खाल्लेल्या भाकरीची आठवण झाली.

"गिरणी दिस बुडाला की बंद असती माझी," शकुबाई म्हणाल्या. "आन दळाप कसं निघतं ते दाखवू का तुमास्नी?"

त्यांनी पदर खोचला. ऋषिराज चार पावलं मागे सरले आणि आवाज एकदम खासगी झाला. "गेणू, धर की रं तिला." मग सावरून ते पुन्हा शुद्ध बोलू लागले. "आता उरली एकच शक्यता. ही तक्रार खुद्द द्वारकाबाईंनी आणली. का? संशय आपल्यावर येऊ नये म्हणून! बाई, तुम्हालाच आतून तो डोंगर हवा आहे!"

द्वारकाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. गेणूला दाजींची मनापासून लाज वाटली, आणि ही लाज कार्यालयीन वेळेतली नव्हती.

हिंदुरावांनी या भाषणात दोनदा जांभई दिली होती. दुपारच्या आडवं होण्याच्या वेळेला त्यांना कुणाचा अडसर चालत नसे. ते उठले, ऋषिराजांच्या समोरून भिंतीवरच्या पेटीपाशी गेले, सवयीने पेटीत हात घातला आणि परत येऊन बाजेवर आडवे झाले.

"हिंदुराव, मध्ये मध्ये फिरू नका," ऋषिराज खेकसले. "पुरावा तुडवला जातो! तर गुन्हेगार नेमक्या कोणत्या क्षणी हल्ला करतो?"

"आत्ता," द्वारकाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या गाडीकडे पाहत होत्या. हिरवा दिवा विझला होता.

त्या सरळ बाजेपाशी गेल्या आणि नवऱ्याच्या बंडीच्या खिशात हात घातला. बाहेर आला तो चिनी मातीचा पांढरा फ्यूज.

शकुबाई आणि राजवर्धन बघायला पुढे सरकले.

"ह्यो?" हिंदुराव उठून बसले. "ह्यो बोअरच्या मोटरचा हाय. गाडीचा काय संबंध?"

रणजितने कपाळावर हात मारून घेतला. "आबा, गाडीची वायर मी त्याच पेटीवर जोडलीया!"

मग उलगडा झाला. फार वर्षांपूर्वी हिंदुराव झोपले असताना लाइट कमी-जास्त होऊन बोअरची मोटर जळाली होती. ऐन उन्हाळ्यात जनावरांना पाणी नव्हतं. तेव्हापासून अंग टाकण्याआधी ते फ्यूज काढून खिशात घालत. खिशात तो टोचल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नसे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ते तो परत बसवत, म्हणून सकाळी दिवा हिरवा. कुणाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. द्वारकाबाईंनी ती बंडी धुवायच्या आधी कितीदा तरी तो फ्यूज बाहेर काढून ठेवला होता. पण रोज हाताखालून जाणाऱ्या वस्तूचा संशय कोण घेणार?

द्वारकाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. हिंदुरावांच्या मिशा पहिल्यांदाच खाली उतरल्या.

"मला त्यो डोंगर पायजेल व्हता, खरं हाय," ते म्हणाले. "पन तुझ्या गाडीच्या तोंडचा घास मी जाणून काढीन व्हय, द्वारके?"

"न्हाय काढनार," त्या म्हणाल्या. "पन ह्यो आता माझ्यापाशी ऱ्हानार." असं म्हणून त्यांनी फ्यूज पेटीत बसवला आणि पेटीला बारकं कुलूप घालून किल्ली कनवटीला खोचली. हिरवा दिवा लागला.

"मी याच निष्कर्षाकडे येत होतो," ऋषिराज म्हणाले. "गेणू, लिही."

"शाई संपली, दाजी," गेणू म्हणाला.

*

हिंदुराव बाजेवर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. रिकाम्या खिशावर हात जाई आणि डोळे उघडत. शेवटी उन्हं कलली तसे ते उठले. तोवर गाडीचं पोट निम्मं भरलं होतं. "झोप काय येत न्हाय. चल, पणदऱ्याला जाऊन येऊ फुलाबाईकडं. ह्या साहेबास्नी बी वाटंत सोडू."

द्वारकाबाईंनी पदर कमरेला खोचला आणि चाकामागे बसल्या. हिंदुराव शेजारी, गुप्तहेर आणि सहायक मागे. लासुर्ण्याच्या बाहेर पडेपर्यंत हिंदुराव पायाने नसलेला ब्रेक दाबत होते आणि "ट्रॉली, ट्रॉली!" म्हणून ओरडत होते. द्वारकाबाईंनी इशारा देऊन ट्रॉली मागे टाकली. नंतर ओरडणं कमी झालं. गाडीला आवाज नव्हता, रस्ता सरळ होता, खिडकीतून उसाचा गार वारा येत होता.

बारामती जवळ आली तसा फोन वाजू लागला. तो हिंदुरावांच्या खिशात होता, आणि हिंदुराव तो घेत नव्हते. मान खांद्यावर टाकून ते घोरत होते.

"घ्या वो जरा, गेणूभाऊ," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "त्यास्नी उठवू नगा."

गेणूने पुढे वाकून फोन काढला. पलीकडे डोंगराच्या दुकानातला लखन होता. "साहेब, येताय न्हवं? गाडी पुसून ठिवलीया. ठरवायची न्हवं आज?"

गेणूने द्वारकाबाईंकडे पाहिलं. त्यांची नजर रस्त्यावर होती, आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"त्यास्नी म्हनावं, मालक झोपल्यात," त्या म्हणाल्या. "आमच्या गाडीत."