वरच्या मजल्यावरचं हवामान

आभाळ भरून आलं की आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमधले लोक वाळवणं उचलायला धावतात. भालेराव काका मात्र स्वच्छ निळ्या आकाशाकडे बघून काळजीत पडतात. "वर गडबड आहे," एवढंच म्हणतात. ढगांना ते खिजगणतीतही धरत नाहीत. "ढग? ते तळमजल्याचं प्रकरण!" काकांचं 'वर' सुरू होतं तेच विमानांच्याही पुष्कळ वर.

काका दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले, लग्नाच्या भानगडीत न पडलेले आणि रीतसर परवाना काढून घरात रेडिओ-संच बाळगणारे. राहतात बरोबर माझ्या डोक्यावर. गच्चीत त्यांची लांबलचक तार आहे. तिच्यावर कुणी चादर वाळत घातली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

एकदा मला जिन्यात गाठून त्यांनी सगळं समजावलं. हातात दुधाची पिशवी, सुटका नाही.

"सूर्याकडून सतत वारा सुटलेला असतो. तो अडवायला पृथ्वीभोवती चुंबकाचं कवच आहे, चुंबकावरण. तो वरचा मजला. त्याखाली विजेने भारलेल्या हवेचा थर, आयनांबर. तो खालचा मजला. माझा आवाज त्यावर आपटून परत येतो. आता वरच्यांनी वरवंटा आपटला की खालच्यांचा पंखा हलणारच! आणि खालच्यांनी मिरचीची फोडणी दिली, की वरच्यांना ठसका. खालच्या थरातले कणही वर चढतात बरं का. एकतर्फी काही नसतं."

हे उदाहरण माझ्याच फोडणीवरून सुचलं असणार, अशी मला दाट शंका आहे.

हा सगळा खटाटोप गांगुर्डेंसाठी. गांगुर्डे रेल्वेतून निवृत्त, मुक्काम इगतपुरी. रोज सकाळी दोघं रेडिओवर बोलतात. इथून गाडीने तासाभराचं गाव, पण मध्ये डोंगर, म्हणून काकांचा आवाज सरळ आभाळात जाणार, आयनांबरावर आपटणार आणि इगतपुरीत उतरणार. बोलणं काय, तर "माझा आवाज कसा येतोय?" "झकास. माझा?" इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. फोन नंबरही घेतलेला नाही. "फोनवर काय, कोणीही बोलतं," असं काकांचं मत.

गेल्या वैशाखात एका सकाळी काका नाचतच खाली आले. "वादळ! चुंबकीय! रेडिओत खरखरसुद्धा नाही. असली शांतता उभ्या जन्मात ऐकली नाही!" मोबाईलवर सूर्याचे डाग दाखवले, मला पेढाही दिला.

पुढचे काही दिवस वर सगळं शांतच होतं. काका मात्र दिवसेंदिवस उतरत चालले. एकदा मी त्यांच्या मोबाईलमध्ये डोकावले, तर वादळाचा तांबडा पट्टा जाऊन केव्हाच हिरवा आला होता.

"काका, वादळ तर संपलं की."

"नाही हो. थोडं शिल्लक असतं." मग मोबाईल खिशात टाकत म्हणाले, "गांगुर्डेंचं मागच्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालंय."

"मग जाऊन येऊ ना इगतपुरीला. मी येते बरोबर."

"नको," काका म्हणाले. "गेलं की कळेल."

वादळ लांबावं म्हणून देव पाण्यात ठेवून बसलेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बेल वाजली. दारात पांढऱ्या मिशांचा, घामाघूम झालेला माणूस.

"भालेराव सायेब इथंच राहत्यात ना? बोगद्याजवळची, गच्चीत तार असलेली बिल्डिंग म्हनले व्हते." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सायेब... हायेत ना?"

"आहेत! वर आहेत!" मी म्हटलं, आणि त्याचा चेहरा बघून घाईघाईने बोट छताकडे केलं. "म्हणजे वरच्या फ्लॅटमध्ये!"

तो मटकन पायरीवरच बसला. "लय घोर लागला व्हता, ताई. आभाळ तर कवाच साफ झालं. बाकी समदे रेडिओवर बोलत्यात, सायेबच नाय."

मी त्याला वर नेलं. काकांनी दार उघडलं, अनोळखी नजरेने पाहिलं. "सायेब, मी—" एवढा आवाज ऐकला मात्र, काकांनी त्याचे दोन्ही हात धरले ते सोडेचनात.

"मला वाटलं, तुम्ही..."

"मला बी तेच वाटलं."

मग काकांची तक्रार ऐकून गांगुर्डे संचापाशी गेले. "खरखर बी नाय म्हंता? सायेब, खटका बघा की!" वीज कडाडायला लागली की संच जळू नये म्हणून गच्चीतली तार त्या खटक्याने जमिनीला जोडायची, हा या लोकांचा नियम. वादळाच्या आदल्या संध्याकाळी गडगडलं होतं. काकांनी खटका फिरवला आणि परत फिरवायचाच विसरले. सूर्यापर्यंतचा सगळा दोष शोधून झाला होता, हाताजवळचा तेवढा राहिला. गांगुर्डे पोट धरून हसले. काकाही हसले, माझ्याही जिवात जीव आला. मी खाली आले.

थोड्या वेळाने काका माझ्या दारात. डोळे ओले, ते पुसायचीही शुद्ध नव्हती.

"एक कप मिळेल का? चहा केलाय, पण माझ्याकडे कप एकच आहे."

इतकी वर्षं मी या माणसाच्या खाली राहते, आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी शोकेसमधला सहा कपांचा सेट काढून त्यांच्या हातात दिला.

"सहा कशाला?" काका म्हणाले. "आम्ही दोघंच तर आहोत."

'दोघंच' हा शब्द इतक्या श्रीमंतीने उच्चारलेला मी कधी ऐकला नव्हता.