कारकुनाने पकडलेला सिग्नल

माणसाने हौस जरूर करावी, पण घरात कोणी आजारी असताना हौसेला वेगळी खोली देऊ नये. विमा कंपनीतल्या आमच्या कारकुनाने नेमकं तेच केलं. बोटाएवढं एक डोंगल विकत आणलं, कपाटावर धूळ खात पडलेला जुना लॅपटॉप खाली काढला आणि मागच्या खोलीत बस्तान मांडलं.

"हा रेडिओ आहे," त्याने बायकोला सांगितलं.

"याची बटणं कुठायत?"

"बटणं नसतातच. सगळं कॉम्प्युटर करतो. हवेतल्या लहरी स्क्रीनवर दिसतात. विमानं, जहाजं, टॅक्सीवाले, सगळे."

"मग तुम्हाला यातल्या कोणाशी बोलायचंय?"

"बोलायचं नाही गं. नुसतं ऐकत बसायचं."

"ते बाबांच्या खोलीत बसूनही जमेल की," बायको म्हणाली, आणि कारकुनाला एकदम अँटेना लावायची आठवण झाली.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबांनी जन्मभर गॅरेज चालवलं. इंजिनाच्या वर आवाज चढवायची सवय, त्यामुळे जेवताना साधं मीठ मागितलं तरी शेजारीण वाटी घेऊन दारात हजर. मग एक दिवस झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आता ते पलंगावर पडून असायचे आणि डाव्या हातात बिनतारी बेलचं बटण असायचं. ते दाबलं की स्वयंपाकघरात प्लगला लावलेली डबी टिंगटाँग करायची आणि सून धावायची. धावायची ती सूनच. मुलगा दारात उभा राहून "बरं आहे ना बाबा?" एवढं विचारायचा आणि उत्तर येणार नाही हे माहीत असल्यामुळे त्याआधीच निघायचा. (ऑफिसात लोकांचे अर्जही तो याच पद्धतीने निकालात काढायचा.) तो वाईट नव्हता. ज्यांच्या एका हाकेने लहानपणी आपण झाडावरून खाली पडलो, ते बाबा आता नुसते बघत राहतात, हे त्याला सोसत नव्हतं. त्या खोलीतल्या शांततेची त्याला भीती वाटायची.

तर अँटेना. इंटरनेटवरच्या हौशी मंडळींच्या ग्रुपने सल्ला दिला होता की अँटेनाखाली लोखंडी पत्रा ठेवा. कारकुनाने पिठाच्या डब्याचं झाकण ठेवलं. तिकडे पिठात किडे झाले आणि इकडे रेडिओत नुसती खरखर. ग्रुप म्हणाला, घरातले चार्जर आणि प्लग एकेक करून काढून बघा, खरखर कशाने होते ते कळेल.

रविवारी दुपारी बायको बाजारात निघाली. "बाबांकडे लक्ष असू द्या. बेल वाजली की लगेच जा."

"हो गं, मी आहे ना!" कारकून म्हणाला, आणि तिची पाठ वळताच घरभर प्लग उपटत सुटला. टीव्ही झाला, फ्रिज झाला, मोबाइलचा चार्जर झाला. शेवटी स्वयंपाकघरातली ती डबी काढली मात्र, खरखर गायब! (लगेच परत लावणार होता. जगातला प्रत्येक प्लग माणूस लगेच परत लावणारच असतो.)

आणि मग स्क्रीनवर एक पिवळीधमक रेघ उमटली. थोडं थांबून आणखी एक. मग लागोपाठ कितीतरी. कारकून खुर्चीतून उठलाच. असा ठसठशीत सिग्नल त्याने आजवर पकडला नव्हता. कोणीतरी दुरून, अगदी चिकाटीने काहीतरी पाठवत होतं. त्याने चहा करून घेतला. कप हातात धरून बाबांच्या लोटलेल्या दारावरून परत आला. रेघा चालूच! त्याने स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकला: 'अनोळखी सिग्नल. बहुधा उपग्रह. जाणकारांनी प्रकाश टाकावा.'

ग्रुपवर बोटीवरचा एक निवृत्त वायरलेसवाला होता, मोजकं बोलणारा. त्याचं उत्तर आलं: 'उपग्रह नाही. बिनतारी बेल. एवढा जोर आहे म्हणजे तुमच्याच घरातली. कोणीतरी बोलावतंय. आधी उठा.'

कारकुनाने 'मनापासून धन्यवाद सर' असं लिहून पाठवलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो कपासकट धावला आणि बाबांच्या दाराशी कप हातातून सुटला.

बाबांची चादर भिजली होती. पायजमा, गादी, सगळंच. बाबा भिंतीकडे बघत होते आणि अंगठा बटणावर होता.

"बाबा, मला... मला वाटलं उपग्रह आहे," कारकून म्हणाला.

एवढा मूर्खपणा बाबांनी उभ्या आयुष्यात ऐकला नसेल, आणि त्यावर ओरडायला त्यांच्याकडे आवाज नव्हता. त्यांनी ओरडावं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं, असं कारकुनाला इतकं वाटलं की त्याला रडूच फुटलं. रडत रडतच त्याने चादर ओढली (बाबांसकट), त्यांना पुन्हा वर सरकवलं, टॉवेलने पुसलं, कोरडा पायजमा कसाबसा चढवला. हे सगळं रोज बायको करते हे त्याला माहीत होतं, पण ते किती कठीण आहे हे आज कळत होतं.

बाबा बटण दाबतच होते.

"आलोय मी बाबा. इथेच आहे. आता कुठेही जात नाही," तो म्हणाला.

बाबांनी पुन्हा दाबलं. कारकुनाने त्यांचा हात हातात घेतला. बाबांनी तो सोडवून घेतला आणि पुन्हा बटण दाबलं. कारकुनाचा ऊर भरून आला. आपण समोर बसलो तरी बाबांना आपल्याला हाक मारावीशी वाटते! एवढे दिवस आपण या खोलीपासून पळत होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात बायको पिशव्या घेऊन दारात आली.

"बघ ना, किती वेळ बोलावतायत मला," कारकून डोळे पुसत म्हणाला.

बायकोने पिशव्या खाली ठेवल्या. सासऱ्यांच्या डोळ्यांकडे नीट बघितलं, पांघरूण कमरेपर्यंत ओढून दिलं आणि मग हळूच म्हणाली, "तुम्हाला नाही. मला बोलावतायत."

"तुला? कशाला?"

"तुम्हाला बाहेर न्यायला. आपल्या मुलाने असं बघावं, हे नाही सहन होत त्यांना." आणि मग आणखी हळू आवाजात, "पायजमाही उलटा घातलाय तुम्ही."

कारकून बाहेर आला. निदान एक काम तरी नीट व्हावं म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि बेलची डबी प्लगला लावली. ती लावताक्षणी वाजली. टिंगटाँग. पुन्हा टिंगटाँग. कारकून सांडलेल्या चहावरून घसरत बाबांच्या दाराशी पोचला.

"काय झालं? काय हवंय बाबांना?"

"काही नकोय," आतून बायको म्हणाली. "तुम्ही गेलात का, एवढंच विचारतायत."