एरियाची परीक्षा

बदलीची ऑर्डर आली तेव्हा बायकोनं एकच अट घातली. "घर कसंही चालेल, एरिया चांगला हवा."

मी लगेच "हो" म्हणालो. (मला घरात एवढ्या झटपट उत्तर देता येतं ते फक्त उत्तर 'हो' असेल तेव्हाच.) पण चांगला एरिया म्हणजे नक्की काय, हे विचारायचं राहूनच गेलं. नव्या शहरात लॉजच्या खोलीत बॅग टाकली तेव्हा ते लक्षात आलं, म्हणून फोन केला.

"अहो, तुम्ही दिवसभर ऑफिसात," बायको म्हणाली. "मी आणि पोरगी दोघीच घरात. ती क्लासहून येईपर्यंत अंधार पडलेला असतो. हाक मारली तर कोणी धावून येईल का, एवढं बघा. तशी जागा नसेल तर आम्ही इथंच बऱ्या."

'आम्ही इथंच बऱ्या' याचा अर्थ 'तुम्ही तिथं लॉजवर बरे' असा होता. लॉजच्या गादीला आधीच्या गिऱ्हाइकांनी खड्डे पाडून ठेवले होते आणि त्यातला एकही माझ्या मापाचा नव्हता. तेव्हा एरिया शोधणं भागच होतं.

नव्या ऑफिसात माहितीला तोटा नव्हता. कॅशियर म्हणाले, "पुलापलीकडे चुकूनही जाऊ नका. सगळी गुंडांची वस्ती." कॅशियर पुलाच्या अलीकडे राहतात. टायपिस्टबाई म्हणाल्या, "पुलाअलीकडे? अहो, दिवसाढवळ्या गळ्यातलं ओढतात तिथं!" त्या पुलापलीकडे राहतात. पुलावरच राहायची सोय असती तर दोघांचंही समाधान झालं असतं.

एजंट तर देवमाणूस. त्याच्या मते या शहरात वाईट एरिया बांधलेलाच नव्हता. "एकदम फॅमिली एरिया, साहेब," असं म्हणत त्यानं मला एका गल्लीत नेलं. तिथं एक फॅमिली गॅलरीतून दुसऱ्या फॅमिलीच्या अंगावर बादलीभर पाणी ओतत होती. "बघा, किती मिळून-मिसळून राहतात," एजंट म्हणाला.

शेवटी मदतीला धावले आमचे हेडक्लार्क. त्यांना काम सोडून सगळ्या विषयांतला दांडगा अनुभव आहे. "एरियाबद्दल माणसांना विचारायचंच नसतं," ते म्हणाले. "एखादी वस्तू रस्त्यावर सोडायची आणि लांबून बघायचं. वस्तू गेली की एरिया बाद."

मला हे एकदम शास्त्रीय वाटलं. (या माणसाचं ऐकून आम्ही गेल्याच आठवड्यात ऑफिसचा पंखा दुरुस्त केला होता. तेव्हापासून तो फक्त आवाज करतो, पण त्या क्षणी मला हे आठवलं नाही.) मी एक दिवसाची रजा टाकली, उन्हासाठी घेतलेली छत्री बगलेत मारली आणि पाण्याच्या टाकीमागच्या एका गल्लीत जाऊन पोचलो.

गल्ली दिसायला बरी होती. एका बाजूला शिंप्याचं दुकान, त्याला लागून बेकरी, समोर झाडाखाली सिमेंटचा बाक. गॅलऱ्यांमधून कपडे वाळत होते. मी शिंप्याच्या दुकानाच्या पायरीला छत्री टेकवली, इकडेतिकडे बघितलं आणि सहज चालत असल्यासारखा पुढं जाऊन विजेच्या खांबामागं उभा राहिलो. (खांब माझ्या निम्म्या रुंदीचा होता. उरलेला मी दोन्ही बाजूंनी दिसत होतो.)

मिनिटभरात शिंपी गळ्यातली टेप सावरत धावत आला. "काका, छत्री विसरलात!"

मी आभार मानले. मनात एरियाला पास केलं. पण शास्त्र म्हटलं की प्रयोग पुन्हा करून बघायला हवा. मी जरा थांबलो आणि छत्री बेकरीच्या काउंटरला अडकवून निघालो. या वेळी बाकामागं वाकून बसलो.

"अहो आजोबा!" बेकरीवाली अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली. "छत्री राहिली! आणि असे खाली का बसलात? चक्कर आली का?"

काकाचा आजोबा व्हायला लोकांना तीस वर्षं लागतात. मी ते दोन दुकानांत उरकलं. माझ्या डोक्यावरच्या केसांनी लवकर निवृत्ती घेतली आहे हे मान्य, पण मी स्वतः अजून नोकरीत आहे.

इथं थांबायला हवं होतं. पण हेडक्लार्कचा आवाज कानात घुमत होता. छत्री काय, जुनी छत्री कोण चोरणार? मी ऑफिसची बॅग बाकावर ठेवली आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागलो. चार पावलं गेलो असेन, तोच कोणीतरी माझा दंड धरला. पांढरे केस, जाड चष्मा, आणि समोरच्याला आपोआप सरळ उभं करणारी नजर. या म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई. समोरच्याच गॅलरीत बसून त्या मघापासून माझ्याकडे बघत होत्या. दुसऱ्या हातात माझी बॅग होती.

"बसा," बाई म्हणाल्या. मी बसलो. शिंपी आणि बेकरीवाली दुकान सोडून आले. बेकरीवालीनं पाण्याचा ग्लास माझ्या तोंडालाच लावला.

"घाबरायचं नाही हं," बाई प्रेमानं म्हणाल्या. "कुठं राहता तुम्ही?"

"तसं सध्या कुठंच नाही."

त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"मग इथं काय शोधताय?"

"घर."

"कोणतं घर?"

"ते अजून मलाही माहीत नाही."

बेकरीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घाईघाईनं खुलासा केला, "अहो, मी मुद्दाम विसरत होतो! छत्रीसुद्धा मुद्दाम विसरलो!"

"हो हो, मुद्दामच," शिंपी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. "आमचे आजोबाही असंच म्हणायचे."

"आज वार कोणता?" बाईंनी विचारलं.

आता बघा. मी रजेवर होतो, आणि रजा असली की मला तो दिवस रविवारच वाटतो. मी छातीठोकपणे म्हणालो, "रविवार!"

मंगळवार होता.

यानंतर माझं कोणीही ऐकून घेतलं नाही. (तसं आधीही घेत नव्हतंच.) शिंप्यानं माझ्या खिशातून अलगद फोन काढला, माझाच अंगठा धरून तो उघडला आणि नंबर बघता बघता एकदम ओरडला, "सापडलं! बाई, घर सापडलं!" बायकोचा नंबर मी 'घर' या नावानं ठेवला आहे.

बाईंनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"घाबरू नका हं," त्या म्हणाल्या. "तुमचे वडील आमच्याकडे सुखरूप आहेत."

"माझे वडील?" बायको म्हणाली. "ते तर इथं समोर पेपर वाचतायत."

"मग हे कोण?"

"दिसतात कसे?"

"टक्कल आहे, चष्मा आहे. दोनदा छत्री विसरले, मग बॅग विसरले. आज रविवार आहे म्हणतात. कुठं राहतात ते सांगता येत नाही."

पलीकडे क्षणभरही शांतता पसरली नाही. "अच्छा, ते होय! ते आमचेच. मिस्टर आहेत माझे."

"अरेरे! कधीपासून असं होतंय?"

"लग्न झाल्यापासून बघतेय," बायको म्हणाली.

मी हात वर करून बोलायची परवानगी मागितली. बाईंनी माझ्या हातात बिस्कीट ठेवलं.

मग बायकोनं विचारलं, "पण काय हो, तुमची गल्ली कशी आहे?" आणि त्या दोघी बोलतच राहिल्या. पाणी कधी येतं, रस्त्यावरचे दिवे लागतात का, शाळा केवढ्या लांब, क्लासहून पोरी येतात तेव्हा रस्त्यात कोण असतं, सगळं निघालं. पोरी परत येईपर्यंत शिंपी दुकान बंद करत नाही आणि बाई गॅलरीतून उठत नाहीत, हेही कळलं. जी माहिती मी खांबामागून काढणार होतो, ती बायकोनं दुसऱ्या शहरात बसून, माझं बिस्कीट संपायच्या आत काढली.

"अहो," शेवटी ती मला म्हणाली, "मी हाक मारल्यावर लोक धावून येतील का, असं विचारलं होतं. इथं तर हाक न मारताच आले. ह्याच गल्लीत घर घ्या."

शिंप्याच्या दुकानावरची जागा रिकामीच होती. महिनाअखेरीला आम्ही राहायला आलो. बायको खूश, पोरगी खूश. मी सगळ्यांना खरी हकीकत सांगितली. लोकांनी ती शांतपणे ऐकली, हसले आणि बायकोला म्हणाले, "आज तब्येत बरी दिसतेय."

एरिया इतका सुरक्षित आहे की मला गल्लीबाहेर पडणं अवघड झालं आहे. सकाळी शिंपी मला बसमध्ये बसवून देतो आणि कंडक्टरला बजावतो, "ह्यांना ऑफिसपाशी उतरवा, पुढं जाऊ देऊ नका." संध्याकाळी जरा पाय मोकळे करायला टाकीच्या दिशेनं वळलो की बेकरीवाली मला खांद्याला धरून फिरवते आणि जिन्याकडे तोंड करून सोडते. परवा मी केस कापायला निघालो होतो. मला तिघांनी परत आणलं, त्यातला एक तर न्हावीच होता. "काका, तुम्हाला कशाला?" म्हणाला.

गेल्या रविवारी (या वेळी खरोखरच रविवार होता) एक तरुण जोडपं शेजारची रिकामी जागा बघायला आलं. मी जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. त्यातल्या बायकोनं शिंप्याला विचारलं, "एरिया कसा आहे हो? सेफ आहे ना?"

मी अनुभवी माणूस. सांगावं म्हणून उठलोच होतो. तेवढ्यात शिंप्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"ते काका बघा," तो म्हणाला. "काही म्हणता काही लक्षात राहत नाही. पण इथं एकटे मोकळे सोडले तरी संध्याकाळी बरोब्बर घरी असतात."

त्या बाईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आपल्या नवऱ्याला न्याहाळलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं.

"घेऊन टाकू," ती त्याला म्हणाली. "पुढंमागं तुझीही सोय होईल."